चावी कुणी जमा केली

माझी सून ऑफिसात नोकरी करते, असं मी माझ्या ताईला अकरा वर्षं सांगत आले. ठरवून खोटं बोलले नव्हते. ताईच्या मुलीच्या लग्नात, चार बायकांच्या घोळक्यात तिनं विचारलं, "काय गं चिमे, सून काय करते तुझी?" मी आज चौसष्ट वर्षांची आहे, दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण ताईच्या तोंडी मी अजून चिमीच. मी म्हटलं, "बांधकाम कंपनीत असते." ताई म्हणाली, "ऑफिसात?" आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.

पुढे त्या एका "हो"ला खाऊपिऊ घालणं आलं. ताईचा फोन आला की ती विचारायची आणि मी वाढवत न्यायची. आधी सुनेला टेबल दिलं, मग डोक्यावर पंखा दिला, मग पंखा काढून एसी लावला. तीन वर्षांपूर्वी बढतीसुद्धा देऊन टाकली. तिच्या खऱ्या मुकादमानं तिला कधी सुट्टीही धड दिली नाही, पण मी हात आखडला नाही.

खरं काम असं. इमारत बांधून होते, रंग होतो, गवंडी, सुतार, प्लंबर आपापलं सामान उचलून चालते होतात. मागे जे उरतं ते काढायला माझ्या सुनेचा गट जातो. पाच बायका, गट नंबर तीन. फरशीवर सिमेंटचे वाळलेले गोळे, काचांवर रंगाचे थेंब, नळांवर पांढरी पुटं, बाथरूमच्या कोपऱ्यात सिगारेटची थोटकं. मालक चावी घ्यायला येईल तेव्हा घर आरशासारखं दिसलं पाहिजे. पातं फरशीला आडवं धरून खरवडायचं, उभं धरलं की चरा पडतो आणि चरा पडला की मुकादम बोंबलतो. किती पाण्यात किती ॲसिड, हे ती नुसत्या वासावरून सांगते.

त्यांचे नियमही कडक. मालकाच्या घरात टेकायचं नाही. त्याच्या नळाला तोंड लावायचं नाही. शेवटचा पोचा लांबच्या खोलीपासून सुरू करून उलटं सरकत दारापर्यंत यायचं, म्हणजे आपल्या पावलाचा ठसाही आत राहत नाही. मग कुलूप, खाली टेबल, वहीत सही, चावी जमा. दिवसाला दोन घरं, अशी चौदा वर्षं.

मी स्वतः तीस वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखात्यात चादरी उकळल्या आहेत. तेव्हा नाक मुरडायचा मला काडीचा अधिकार नव्हता. पण म्हणूनच मुरडलं. वाटायचं, माझे हात पाण्यानं सोलवटले ते पुरे झाले, घरात येणारी सून तरी कोरड्या हातांची असावी. आणि ताईची सून बँकेत! मग माझ्या जिभेला हाड उरलं नाही.

सुनेला हे सगळं माहीत होतं. एकदा ताईचा फोन तिनंच उचलला. हाताला ॲसिडचा वास, केसांत सिमेंटची धूळ, आणि म्हणाली, "हो मावशी, आत्ताच आले ऑफिसातून. आज मीटिंग होती." फोन ठेवून ती आंघोळीला गेली. मला एका शब्दानं काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आम्ही राहतो ते उपनगर तेव्हा नुकतं कुठं उगवत होतं. माझा मुलगा बस चालवतो. चौदा वर्षांपूर्वी त्याच्या बसचा शेवटचा थांबा आमच्या भाड्याच्या खोलीसमोर होता, पुढे नुसता उघडा माळ. मग थांबा एक फर्लांग सरकला, मग आणखी दोन. रस्ते झाले पण त्यांना नावं नव्हती, "निळ्या टाकीजवळचा" आणि "खड्ड्याचा" यावर भागायचं. आधी हार्डवेअरचं दुकान आलं, मग मोबाइलचं, मग दातांचा डॉक्टर. दातांचा डॉक्टर आला की समजावं, आता इथली घरं आपल्याला परवडायची नाहीत.

तरी सुनेनं एक दिवस जेवताना सांगितलं, "आई, आपण घर घेऊ या."

मी म्हटलं, "अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसानं."

"चौदा वर्षं पाय पोटाशी घेऊनच झोपलोय आई," ती म्हणाली. "आता अंथरूणच बदलू."

घर तिनंच निवडलं. विकणारी मुलगी माणसांना बाल्कनीत नेऊन देखावा दाखवते. माझी सून बाथरूममध्ये गेली आणि तांब्याभर पाणी ओतून वाकून बघत राहिली. तिनं त्या इमारतीतली निम्मीअधिक घरं घासली होती. कुठली खिडकी अडकते, कुठल्या भिंतीला आतून ओल आहे, कुठल्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन ओट्यापर्यंत येतं, सगळं तिला पाठ. "सातशे चार," ती म्हणाली. "देखावा काही नाही, समोर जिना आहे. पण आई, या घरात पाणी सरळ जाळीकडे जातं. बाकीच्या घरांत ते मधेच विचार करत बसतं." मुलानं मान डोलावली. घर दोघांच्या नावावर झालं, पहिलं नाव सुनेचं. ते मुलानंच तसं लिहायला लावलं. माझ्या पोटचा असून शहाणा निघाला.

चावी मिळायचा दिवस ठरला आणि मी माती खाल्ली. ताईला फोन करून सांगितलं, "चार वाजता ये, घर दाखवते." ताई जुन्या शहराच्या ऐन मध्यात राहते, आमच्या भागाला ती "तुमच्या तिकडे" म्हणते. अकरा वर्षांत एकदाही फिरकली नव्हती. मला तिला आणायचंच होतं. सातव्या मजल्यावर उभं करून म्हणायचं होतं, बघ. आता हे बघायला आलेल्या बाईसमोर माझं ते ऑफिस टिकवायचं होतं, हे ओघानं आलंच.

सकाळी नऊला मुलगा आणि सून जाऊन सह्या करून आले. सकाळच्या पाळीचा कारकून सुनेला कित्येक वर्षं ओळखत होता. त्यानं चावी तिच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "आज मालकांच्या वहीत सही करा, बाई." मुलगा कागदांची पिशवी घेऊन तसाच ड्यूटीवर गेला. सून म्हणाली, "मी घर पुसून येते. मावशी यायच्या आत लख्ख करते." आपलं घर दुसऱ्या गटाकडून धुऊन घ्यायला ती काही राजी नव्हती.

दीडला ती आमच्या खोलीवर परत आली. आंघोळ केली, ठेवणीतले कपडे काढले आणि खांद्याला ती काळी पर्स अडकवली. ती पर्स मी तिला "ऑफिसची" म्हणून घेऊन दिली होती. तिनं ती न सांगता घेतली हे मी पाहिलं.

बरोबर चारला ताई टॅक्सीतून उतरली. इमारतीकडे मान वर करून बघत म्हणाली, "बरीच उंच आहे की गं." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आत काचेचं दार, दारालगत टेबल, टेबलामागे नवीनच लागलेला दुपारचा कारकून. चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. "कुठलं घर?" त्यानं विचारलं.

"सातशे चार," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला.

"चावी आहे ना तुमच्याकडे?"

सुनेनं पर्स उघडली. आतला कप्पा बघितला, बाहेरचा बघितला. मग तिचा हात पर्समध्ये तसाच थांबला. मी तिच्याजवळ सरकले.

"आई," ती पुटपुटली, "मी चावी जमा केली."

"कुठं जमा केली?"

"इथंच. पोचा मारत मारत दारापर्यंत आले, कुलूप लावलं, खाली आले. टेबलावर कुणी नव्हतं. वहीत सही केली, चावी ट्रेमध्ये ठेवली आणि निघाले. हातानं केलं आई. डोक्याला विचारलंच नाही."

स्वतःच्या घराची चावी. मला हसू आलं असतं, पण ताई दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

सून कारकुनाला म्हणाली, "चावी इथं ट्रेमध्ये असेल बघा."

चष्मेवाल्यानं चष्मा नाकावर आणला, वही उघडली आणि त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. "हे काय? सातशे चार. सकाळी नऊ वाजता चावी मालकांना दिली. आणि दुपारी एक वाजता... गट तीन, सफाई पूर्ण, चावी जमा." त्यानं मान वर केली. "मालकांची चावी सफाईवालीकडे कशी गेली?"

वहीत नावं नसतात, गटाचा आकडा आणि एक फराटा असतो. सुनेनं एवढंच म्हणायचं होतं, ती बाई मीच. तीन शब्द. ते म्हटले असते तर चावी त्याच क्षणी मिळाली असती. पण ते तीन शब्द ताईच्या कानावर पडले असते.

"मीच दिली असेन कुणाला तरी," सून म्हणाली. "घाईत."

"कुणाला? वयानं केवढी होती?"

"असेल... माझ्याएवढी."

"दिसायला?"

"तशीच. सर्वसाधारण."

कारकून काही वाईट माणूस नव्हता. लागून आठवडाही झाला नव्हता आणि पहिलाच घोळ गळ्यात पडला होता. त्यानं सकाळच्या कारकुनाला फोन लावला, तो उचलेना. आम्ही मुलाला लावला, तो बस चालवत होता, फोन बंद. "तुम्ही मालक नाही असं मी म्हणत नाही," चष्मेवाला म्हणाला. "पण मधल्या वेळात चावीची नक्कल केली असली तर? उद्या चोरी झाली तर माझी मान अडकेल. ती बाई समोर उभी करा, नाहीतर उद्या साहेब कुलूप बदलून देतील. आणि मला तक्रार तर लिहावीच लागेल. गट तीनवर."

"तक्रार लिहिली की काय होतं?" मी विचारलं.

"गट बंद करतात. नवीन बायका आणतात."

सुनेची मान झटक्यात वर आली. त्या गटात तिच्याबरोबर चार जणी होत्या. तिनं तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं.

तेवढ्यात ताई बोलली. ताई स्वभावानं वाईट नाही, पण माहीत नसलेल्या गोष्टीवर मत द्यायची तिला लहानपणापासून हौस. "लिहा हो, लिहा," ती कारकुनाला म्हणाली. "या बायकांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी लागते. घर पुसायला येतात आणि काय काय पुसून नेतात, पत्ता लागत नाही. काय गं सूनबाई, तू तर याच कंपनीत आहेस, तुला तर रोजचा अनुभव असेल."

आणि माझी सून म्हणाली, "हो मावशी."

तिनं "हो" म्हटलं. माझ्याच त्या अकरा वर्षांपूर्वीच्या "हो"ला जागण्यासाठी तिनं स्वतःला चोर म्हणवून घेतलं, वर मानही हलवली. चार मैत्रिणींच्या पोटावर पाय येत होता, तिचं स्वतःचं घर सात मजले वर कुलूपबंद होतं, आणि ती माझं नाक सांभाळत उभी होती. माझ्या मस्तकात कळ गेली. राग कुणाचा आला हे तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं, माझाच.

"लिहू नका," मी म्हटलं.

तक्रारीच्या कागदावर कारकुनाचं पेन थांबलं.

"ती सफाईवाली हवीय ना तुम्हाला समोर? ही घ्या. ही उभी आहे. माझी सून. गट नंबर तीन."

"आई, राहू दे," सून म्हणाली.

"तू गप्प बस. फार गप्प बसलीस, पण आता आणखी थोडा वेळ बस." मी कारकुनाकडे वळले. "सकाळी नऊला मालक म्हणून चावी घेतली ती हिनंच. सकाळभर राबून आपलंच घर पुसलं ते हिनंच. आणि एक वाजता सवयीनं चावी परत आणून ठेवली तीही हिनंच. चौदा वर्षांत दुसऱ्याची एक चावी खिशात घालून घरी गेली नाही, म्हणून स्वतःची न्यायलासुद्धा विसरली. लिहा तक्रारीत हे. शब्दाला शब्द लिहा."

काचेच्या दारात सामानाची खोकी घेऊन आलेलं एक जोडपं थबकून ऐकत होतं. ऐकेनात का. मला तर वाटलं, आणखी चार जणांनी ऐकावं.

ताई माझ्याकडे, मग सुनेकडे बघत राहिली. "पण चिमे... ऑफिस?"

"ऑफिसही धुतलंय तिनं," मी म्हटलं. "हे तू उभी आहेस ते. खालची फरशी बघ. तोंड दिसेल तुझं."

ताईनं खरंच खाली बघितलं. मग माझ्याकडे. तिला राग आला असावा असं मला वाटलं, पण तिचा आवाज खाली गेला होता. "माझ्याशी इतकी वर्षं खोटं का बोललीस?"

"लाज वाटत होती."

"हिच्या कामाची?"

"हो," मी म्हटलं. "आता स्वतःची वाटतेय."

ताईनं सुनेचा दंड धरला. "सूनबाई, मघाशी मी जे बोलले ते... मला अक्कल नाही. इतक्या वर्षांची झाले तरी नाही." ताईनं उभ्या जन्मात कुणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती. हीसुद्धा पुरती माफी नव्हती, पण तिच्या मानानं खूप होती.

"असू दे मावशी," सून म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "तुम्हाला काय माहीत. बढती मिळालेली बाई मी."

ताईला हसू फुटलं, मग मला. कारकुनाला यातलं काही कळलं नसावं, पण त्यालाही सुटल्यासारखं झालं. त्यानं वही सुनेपुढे सरकवली. "तुमचीच सही आहे ही?"

तिनं त्या फराट्याशेजारी तसाच दुसरा फराटा ओढला. हुबेहूब. चष्मेवाल्यानं दोन्ही निरखले, तक्रारीचा कागद फाडून टोपलीत टाकला आणि ड्रॉवरमधून चावी काढून दिली. "पुन्हा जमा करू नका, बाई," तो म्हणाला. सुनेनं चावी पर्समध्ये टाकली नाही, मुठीत धरली.

मग त्यानं दुसरी वही ओढली. येणाऱ्याजाणाऱ्यांची. ताईचं नाव विचारून लिहिलं, नात्यापुढे "मावशी" लिहिलं आणि माझ्याकडे वळला. "आणि आजी, तुम्ही पाहुण्याच ना?"

"पाहुणी कशाला? मी इथं राहायला येणार आहे."

"मग राहणाऱ्यांच्या यादीत घालतो." त्यानं पान उलटलं. "मालकांच्या आई, बरोबर?"

मुलाचं नाव त्या घरावर होतंच. मी त्याची आई होतेच. खोटं त्यात काहीच नव्हतं, आणि एरवी मी छाती काढून हो म्हटलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "मालकिणीची सासू. तसं लिहा."

त्यानं लिहिलं. मी चष्मा काढून डोळ्यांना लावला, वही माझ्याकडे फिरवून घेतली आणि ओळ पुरती वाचल्याशिवाय लिफ्टकडे गेले नाही.